आईची वही आणि आईवरचा ठपका

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मधले काही महिने फील्डवर्कमध्ये गेले. नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगते: मी एम.एस्सी. केलं मानव विकास या विषयात, आणि सध्या पीएच.डी. करतेय ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता असलेल्या मुलांच्या आयांच्या अनुभवांवर. काम मुख्यतः मुलाखतींचं. आज मात्र मुलाखतींबद्दल कमी आणि इतिहासाबद्दल जास्त लिहिणार आहे. त्याला कारण आहे माझ्या प्रश्नावलीतला चौथा प्रश्न.

झालं असं. एका ताईंची मुलाखत चालू होती. मुलगा नऊ वर्षांचा. ताईंनी सोबत एक जाडजूड वही आणली होती. मुलगा दोन वर्षांचा असल्यापासूनच्या नोंदी: कोणत्या दिवशी कोणता शब्द बोलला, तो शब्द पुन्हा कधी गेला, कुकरच्या शिट्टीला कान झाकणं कधी सुरू झालं, कोणत्या थेरपीनंतर किती दिवस झोप लागली नाही. मी मनातल्या मनात खूश. संशोधकाला असा डेटा कुठे मिळतो! मग मी चौथा प्रश्न वाचला : "गरोदरपणात किंवा मूल लहान असताना तुम्ही मानसिक तणावात होता का? नोकरी किंवा इतर कारणांमुळे बाळाला वेळ कमी दिला गेला का?"

ताईंनी वही मिटली. म्हणाल्या, "म्हणजे मॅडम, माझंच कुठंतरी चुकलं ना?"

मी घाईघाईने म्हटलं, "नाही नाही ताई, हा फक्त फॉर्ममधला प्रश्न आहे." त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "फॉर्ममध्ये आहे म्हणजे कुणाला तरी तसं वाटत असणारच."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो प्रश्न मी स्वतः तयार केलेला नव्हता, एका जुन्या प्रश्नावलीतून घेतला होता. तिथे तो आणखी जुन्या प्रश्नावलीतून आला असणार. हा प्रश्न मुळात आला कुठून, हे शोधत मागे गेले तर थेट ऐंशी वर्षं मागे, अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात पोचले. (ताईंची परवानगी घेऊन, नाव-गाव वगळून हे लिहितेय.)

बाल्टिमोरची अकरा मुलं

लिओ कॅनर हे मूळचे ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातले डॉक्टर. १९२४ मध्ये अमेरिकेत आले आणि पुढे जॉन्स हॉपकिन्समध्ये मुलांच्या मानसोपचाराचं काम करू लागले. १९४३ मध्ये त्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात अकरा मुलांची वर्णनं होती, आठ मुलगे आणि तीन मुली. माणसांपासून तुटल्यासारखी, एकटेपणात रमणारी, रोजच्या क्रमात जरासा बदल झाला तरी अस्वस्थ होणारी मुलं. 'ऑटिझम'च्या इतिहासाची सुरुवात बहुतेक पुस्तकांत इथून होते. (त्याआधी १९२५ मध्ये सोव्हिएत रशियात ग्रून्या सुखारेवा या डॉक्टर बाईंनी अशाच मुलांबद्दल लिहिलं होतं, पण ते बराच काळ फार कुणाच्या वाचनात आलं नाही. तो वेगळ्या लेखाचा विषय.)

या अकरांपैकी पहिला मुलगा मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या लहान गावातला, डोनाल्ड ट्रिपलेट. १९३८ मध्ये आईवडील त्याला बाल्टिमोरला घेऊन गेले. त्याआधी वडिलांनी कॅनरना ३३ पानी टाईप केलेलं पत्र पाठवलं होतं. मुलगा काय खातो, काय पाठ म्हणतो, वस्तू कशा गरगर फिरवतो, सगळं त्यात होतं. पुढची अनेक वर्षं आई मेरी पत्रं लिहून डोनाल्डची प्रगती कळवत राहिली. ती पत्रं कॅनरनी निबंधात तारखेनिशी वापरली. इतर मुलांच्या बाबतीतही तसंच. डॉक्टरांना मूल दिसतं काही तास, फार तर काही दिवस. बाकी सगळं कळतं ते घरच्यांच्या नोंदींवरून.

आता गंमत बघा. गंमत कसली, मला तर वाचून धक्काच बसला होता. त्याच निबंधाच्या शेवटाकडे कॅनर आईवडिलांच्या स्वभावाकडे वळतात. हे पालक बुद्धिमान आहेत पण त्यांच्यात फारसा जिव्हाळा दिसत नाही, असं ते म्हणतात. आणि पालक काटेकोर, एखाद्या गोष्टीचं वेड घेणारे आहेत याचा पुरावा म्हणून काय देतात? त्यांनी लिहिलेल्या सविस्तर डायऱ्या आणि अहवाल! मुलाने कोणती गाणी पाठ केली, हे वर्षांनंतरही त्यांना आठवतं, हाही त्यांच्या अशा स्वभावाचाच नमुना.

म्हणजे ज्या वहीमुळे शोध लागला, तीच वही लिहिणाऱ्यांच्या विरुद्धचा पुरावा झाली. हे वाचताना मला आमच्या ताईंची वही आठवली.

कॅनरवर सरसकट टीका करणंही बरोबर नाही. ही मुलं जन्मतःच ही अडचण घेऊन आलेली असावीत, हे त्यांनी त्याच निबंधात स्पष्ट लिहिलं होतं. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९४१ मध्ये, त्यांनी 'इन डिफेन्स ऑफ मदर्स' हे पुस्तक लिहिलं होतं. अतिउत्साही मानसशास्त्रज्ञांच्या सल्ल्यांपासून आयांचा बचाव करणारं! त्याच माणसाने १९४९ मध्ये दुसऱ्या एका निबंधात, ही मुलं बर्फ न वितळणाऱ्या फ्रीजमध्ये नीट ठेवून दिल्यासारखी वाढली, अशा अर्थाची उपमा वापरली. त्याआधीच, १९४८ मध्ये, 'टाइम' साप्ताहिकाने 'गोठलेली मुलं' अशा अर्थाच्या शीर्षकाखाली लेख छापला होता. या सगळ्यातून पुढे 'रेफ्रिजरेटर मदर' हा शब्द रूढ झाला. फ्रीजसारखी थंड आई.

खापर आईच्याच डोक्यावर का?

काळ बघायला हवा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत मनोविश्लेषणाचा जोर होता. स्किझोफ्रेनियासुद्धा आईमुळे होतो, असं मांडणारी संज्ञा १९४८ मध्ये आली होती. अनाथालयातल्या बाळांवर रेने स्पिट्झ यांनी केलेलं काम, मग जॉन बोल्बी यांचा १९५१ चा जागतिक आरोग्य संघटनेसाठीचा अहवाल, या सगळ्यातून मायेच्या स्पर्शाशिवाय बाळं कोमेजतात हे पुढे आलं. ते महत्त्वाचंच होतं. पण त्यातून लोकांनी उलटं गणित मांडलं : मूल कोमेजलेलं दिसतंय, म्हणजे माया मिळाली नसणार.

पद्धतीच्या नजरेने पाहिलं तर यात तीन चुका होत्या. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी आम्हाला शिकवतात त्याच.

पहिली, सॅम्पलची. अकरा वडिलांपैकी चार जण स्वतःच मनोविकारतज्ज्ञ होते. बाकीचे वकील, रसायनतज्ज्ञ, प्राध्यापक अशा वर्गातले. त्या काळात मुलाला घेऊन इतक्या लांब नामांकित तज्ज्ञाकडे कोण जाऊ शकत होतं? शिकलेली, पैसेवाली, डॉक्टरांना ३३ पानी पत्र लिहू शकणारी माणसं. गरीब घरातली अशी मुलं कॅनरच्या दारापर्यंत पोचतच नव्हती. मग 'ऑटिझम उच्चशिक्षितांच्या घरात होतो' हा निष्कर्ष मुलांबद्दल काही सांगत नाही, तो दवाखान्याच्या दाराबद्दल सांगतो. याचे परिणाम कृष्णवर्णीय आयांना वेगळ्याच रीतीने भोगावे लागले. २००२ च्या 'रेफ्रिजरेटर मदर्स' या माहितीपटात अशी एक आई बोलते. तुम्ही त्या साच्यात बसत नाही, तेव्हा तुमच्या मुलाला ऑटिझम नसणार, असं तिला ऐकावं लागलं होतं. एकीला दोष मिळाला, दुसरीला निदानसुद्धा नाही.

दुसरी चूक कार्यकारणाच्या दिशेची. बाळ हाकेला वळत नाही, कुशीत घेतलं की अंग ताठ करतं, रात्ररात्र झोपत नाही. अशा बाळाची आई दोन-तीन वर्षांनी डॉक्टरांसमोर बसते तेव्हा ती दमलेली, गप्प, सावध दिसणारच. तिचं तसं दिसणं हा परिणाम होता, डॉक्टरांनी तो कारण म्हणून लिहून घेतला.

तिसरी चूक सगळ्यात वाईट. हा सिद्धांत खोटा ठरायला जागाच नव्हती. आई रडली तर अतिचिंता करणारी, नाही रडली तर थंड. नोंदी ठेवल्या तर वेडी, नाही ठेवल्या तर बेफिकीर. आणि तुलनेसाठी दुसरा गट? तो कुणी घेतलाच नव्हता.

१९६७ : दोन पुस्तकं, एकच उपमा

या सिद्धांताला घरोघरी पोचवलं ते ब्रूनो बेटलहाइम यांनी. ते व्हिएन्नाचे ज्यू. १९३८-३९ मध्ये डाखाऊ आणि बुखेनवाल्ड या नाझी छळछावण्यांत राहून, सुटून अमेरिकेत आले. १९४४ पासून शिकागो विद्यापीठाच्या निवासी शाळेचे प्रमुख. १९६७ मध्ये त्यांचं 'द एम्प्टी फोर्ट्रेस', म्हणजे 'रिकामा किल्ला', हे पुस्तक आलं आणि प्रचंड गाजलं. छावणीतला कैदी जसा आशा सोडून आत आत मिटत जातो, तसं हे मूल मिटतं, अशी त्यांची मांडणी. मग छावणीतल्या पहारेकऱ्याच्या जागी कोण आलं? आई. उपाय म्हणून मुलाला आईवडिलांपासून दूर ठेवायचं.

मराठी माणसाला किल्ला आणि वेढा समजावून सांगायला नको. म्हणूनच पुढची गोष्ट मला फार आवडते. त्याच वर्षी, १९६७ मध्येच, दुसरं एक पुस्तक आलं : 'द सीज'. म्हणजे 'वेढा'. लेखिका क्लारा क्लेबोर्न पार्क, मॅसॅच्युसेट्समधली इंग्रजीची शिक्षिका आणि चार मुलांची आई. धाकटी मुलगी जेसी ऑटिस्टिक. पुस्तकात तिचं नाव बदलून एली केलंय. मुलीच्या पहिल्या आठ वर्षांची हकीकत आहे.

एकाच्या लेखी किल्ला रिकामा, आणि तो रिकामा केला आईने. दुसरीच्या लेखी किल्ल्यात कुणीतरी नक्की आहे, आणि आई बाहेर वेढा घालून बसलीय, हल्ला करण्यासाठी नाही, आत जायची वाट शोधण्यासाठी. ती रोज मुलीजवळ जमिनीवर बसते, एखादा खेळ पुन्हा पुन्हा करते, एवढीशी प्रतिक्रिया आली की लिहून ठेवते. तज्ज्ञांना जी थंड अलिप्तता वाटली असती, ती खरं तर शिस्तीने केलेलं निरीक्षण होतं. आणि पार्क यांच्या घरातच तुलनेचा गट हजर होता : त्याच आईने वाढवलेली थोरली तीन मुलं.

गाजण्याच्या बाबतीत मात्र बेटलहाइम पुढे होते. त्यांच्या शब्दामागे विद्यापीठ होतं, छावणीचा अनुभव होता. आईच्या शब्दामागे फक्त तिची वही. १९९० मध्ये बेटलहाइम वारले. त्यानंतर त्यांच्या शैक्षणिक पात्रतेच्या दाव्यांवर प्रश्न उभे राहिले, शाळेतल्या माजी विद्यार्थ्यांनी मारहाणीच्या तक्रारी मांडल्या. पण तोवर कित्येक आयांची तारुण्याची वर्षं स्वतःच्या मनात 'चूक' शोधण्यात गेली होती.

पुस्तकाच्या शेवटी जोडलेला फॉर्म

सिद्धांताला पहिला मोठा तडा दिला तो एका बापाने. बर्नार्ड रिमलँड हे सॅन दिएगोला अमेरिकन नौदलात काम करणारे मानसशास्त्रज्ञ. १९५६ मध्ये त्यांचा मुलगा मार्क जन्मला. रडणं थांबेना, माणसांकडे बघेना. पत्नी ग्लोरिया थंड आहे, हे त्यांना कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं, कारण ते रोज तिच्यासोबत राहत होते. उपलब्ध सगळं संशोधन वाचून १९६४ मध्ये त्यांनी 'इन्फंटाइल ऑटिझम' हे पुस्तक लिहिलं आणि आईला दोष देणाऱ्या सिद्धांताला पुरावाच नाही, कारण जैविक असावं, हे दाखवलं. प्रस्तावना कुणाची? लिओ कॅनर यांची!

या पुस्तकाच्या शेवटी मुलाच्या लक्षणांची प्रश्नावली जोडलेली होती. ठिकठिकाणच्या पालकांनी ती भरून रिमलँडना पाठवायला सुरुवात केली. त्या पत्रव्यवहारातून पालक एकमेकांना सापडले आणि १९६५ मध्ये राष्ट्रीय संघटना उभी राहिली. रूथ सलिव्हन या तिच्या पहिल्या निवडून आलेल्या अध्यक्ष. सात मुलांची आई, मुलगा जोसेफ ऑटिस्टिक. तिकडे लंडनमध्ये १९६२ मध्येच पालकांनी संस्था काढली होती. त्यांतल्या लॉर्ना विंग स्वतः मनोविकारतज्ज्ञ आणि ऑटिस्टिक मुलीची आई. ऑटिझम म्हणजे एकच ठरावीक चित्र नसून मोठा वर्णपट आहे, ही आजची समज रुजवण्यात त्यांचा वाटा फार मोठा.

मला इथे थांबावंसं वाटतं ते फॉर्मपाशी. प्रश्नावली तीच वस्तू, पण रिमलँडच्या फॉर्ममध्ये आई साक्षीदार होती आणि माझ्या चौथ्या प्रश्नात ती आरोपी होती. (पुढे रिमलँड लसीकरणामुळे ऑटिझम होतो, अशा अप्रमाणित दाव्यांच्या मागे लागले, हेही सांगायला हवं. एका बाबतीत बरोबर असलेला माणूस सगळ्याच बाबतीत बरोबर असतो असं नाही.)

१९६९ मध्ये वॉशिंग्टनला याच संघटनेच्या सभेत कॅनर उभे राहिले आणि पालकांना आपण दोषमुक्त करतो, असं त्यांनी जाहीरपणे म्हटलं. पालकांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र ते वाचताना वाटलं, दोषमुक्ती ही गुन्हा झाला असेल तर द्यायची गोष्ट ना?

बेटलहाइम यांच्याच शिकागोत शिकलेले एरिक शॉप्लर यांनी १९७१ मध्ये या पालकांना बळीचा बकरा केलं गेलंय असं लिहिलं, आणि नॉर्थ कॅरोलिनात पालकांना सहकारी मानणारा कार्यक्रम उभा केला.

आकडे काय म्हणतात?

१९७७ मध्ये सुझन फोलस्टीन आणि मायकल रटर यांनी ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. ११ जोड्या एकसारख्या जुळ्यांच्या, त्यांतल्या ४ जोड्यांत दोघंही ऑटिस्टिक. १० जोड्या वेगळ्या जुळ्यांच्या, त्यांत अशी एकही नाही. आई तीच, घर तेच. फरक फक्त जनुकांच्या सारखेपणात. सॅम्पल लहान होतं, पण दिशा स्पष्ट होती.

२०१९ मध्ये पाच देशांतल्या सुमारे २० लाख मुलांच्या नोंदींवरचा अभ्यास आला. त्यात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ८० टक्के निघाला. (याचा अर्थ 'एका मुलाचा ८० टक्के ऑटिझम जनुकांमुळे' असा नाही. लोकसंख्येत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला एवढा भाग जनुकांच्या फरकाशी जोडता येतो, इतकाच.) याच अभ्यासात 'मातेचा प्रभाव' वेगळा मोजला होता. म्हणजे जनुकं सोडून, गर्भावस्थेसारख्या खास आईकडूनच येणाऱ्या गोष्टींचा. तो निघाला साधारण एक टक्का, जवळजवळ शून्य.

तरी खापर फोडायची सवय जात नाही, फक्त फ्रीजच्या जागी नवी वस्तू येते. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी गरोदरपणातल्या पॅरासिटामॉलकडे बोट दाखवलं. खरं तर २०२४ मध्येच स्वीडनमधल्या सुमारे २५ लाख मुलांचा अभ्यास आला होता. सख्ख्या भावंडांची तुलना केली, म्हणजे एकाच आईने एका गरोदरपणात गोळी घेतली आणि दुसऱ्यात नाही, तर संबंध उरतच नव्हता. पण 'तू तेव्हा गोळी घेतली होतीस ना?' हा प्रश्न किती घरांत विचारला गेला असेल!

आणि आपल्याकडे?

आपल्याकडचा फ्रीज म्हणजे मोबाईल. "जेवताना मोबाईल हातात दिलास म्हणून असं झालं", हे वाक्य मी मुलाखतींमध्ये सासूकडून, शेजारणीकडून, शिक्षकांकडून आलेलं ऐकलंय. लहान मुलांना स्क्रीन कमी द्यावा हे खरंच. पण त्याने ऑटिझम होतो असा पुरावा नाही. उलट, जे बाळ इतर कशानेच शांत होत नाही, त्याच्याच हातात मोबाईल जास्त जातो. पुन्हा तीच कार्यकारणाची दिशा.

आपला इतिहास मात्र नुसता दोषाचा नाही. दिल्लीत १९९१ मध्ये 'ॲक्शन फॉर ऑटिझम' सुरू झालं ते मेरी बरुआ या आईच्या पुढाकाराने. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात ऑटिझमचं नावच नव्हतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आलं, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत त्याला स्वतंत्र जागा मिळाली. यामागे पालकांची, त्यातही आयांची, वर्षानुवर्षांची खटपट आहे. समाजशास्त्रज्ञ शुभांगी वैद्य स्वतः ऑटिस्टिक मुलाच्या आई. शहरी भारतातल्या अशा कुटुंबांवर त्यांनी २०१६ मध्ये पुस्तक लिहिलं. इथे वही आणि संशोधन एकाच हातात आलं.

दोन गोष्टी सांगून थांबते. पहिली, दोष गेला तरी ओझं गेलं नाही. 'आईच सगळ्यात चांगली थेरपिस्ट' हे ऐकायला छान वाटतं, पण दिवसाचे चोवीस तास थेरपी करणाऱ्या बाईला सुट्टी कोण देणार? प्रगती झाली नाही की पुन्हा बोट तिच्याकडेच. दुसरी, आयांचं म्हणणं हे शेवटचं म्हणणं नव्हे. १९९३ मध्ये जिम सिंक्लेअर या ऑटिस्टिक व्यक्तीने पालकांना उद्देशून सांगितलं, की आमच्यासाठी शोक करू नका, आम्ही हरवलेलो नाही. वेढ्याची उपमा आतल्या माणसाला कशी वाटते, हेही विचारायला हवं. आपला 'स्वमग्न' हा शब्दसुद्धा बाहेरून बघणाऱ्याचाच आहे.

तर, माझा चौथा प्रश्न. गाईड मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग बदल ना." प्रश्नावलीत बदल करायचा म्हणजे एथिक्स कमिटीकडे पुन्हा अर्ज, दीड महिना गेला. नवा प्रश्न असा आहे : "तुमच्या मुलाबद्दल तुम्हाला सगळ्यात आधी काय लक्षात आलं, आणि ते तुम्ही कुणाला सांगितलंत तेव्हा तुमचं ऐकून घेतलं गेलं का?"

त्या ताईंकडे परत गेले आणि त्यांना हा प्रश्न विचारला. त्यांनी वही उघडली, पहिल्या पानावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे बघा, तारखेसकट आहे." मुलाखत अडीच तास चालली.